जुनं, चुकांनी भरलेलं पुस्तक कसं वाचायचं: खानदेशातल्या वाचकांसाठी पायरीपायरीने

दर दोन-चार महिन्यांनी मोबाईलवर एक फोटो येतो. १८८० च्या खानदेश गॅझेटियरचं (इंग्रज सरकारने काढलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक) एक पान, त्यात एका ओळीभोवती लाल गोल आणि खाली लिहिलेलं असतं, बघा इंग्रज आपल्या समाजाबद्दल काय म्हणतो. ओळ कौतुकाची असली की ती सगळीकडे फिरते आणि नालस्तीची असली की भांडणं लागतात. दोन्ही वेळा ते पान कोणी धड वाचलेलं नसतं. मी गावच्या वाचनालयात बरीच वर्षं पुस्तकं लावतोय, जुन्या कपाटाची चावी माझ्याकडे असते, आणि लोक अशी पुस्तकं कशी हातात घेतात ते रोज बघतो. एक तर सगळं खरं धरतात, नाहीतर "हे सगळं खोटंय" म्हणून बंद करतात. खरं तर तिसरा रस्ता आहे आणि तो अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. तो क्रमच इथे लिहितोय.

## टप्पा १: बसायच्या आधीची तयारी

सोबत काय लागेल ते आधी घ्या, मध्येच उठावं लागलं की धागा तुटतो.

शंभर पानी वही, पेन्सिल (पेन नको, जुन्या पुस्तकाजवळ पेन आणूच नका), जिल्ह्याचा तालुके दाखवणारा नकाशा आणि एक जुना शब्दकोश. इंग्रजीतून मराठी शब्द कळायला मोल्सवर्थचा कोश अजून कामाला येतो, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे आणि तो नेटवर फुकट बघता येतो. मराठी पुस्तकासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घ्या. आजच्या छोट्या डिक्शनरीत "कसबा", "परगणा", "जागल्या" नुसते एका शब्दात उरकलेले असतात, त्याने भागत नाही.

पुस्तक कागदाचं असेल तर आणखी थोडं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात आणि पत्र्याच्या खोलीत जुना कागद पापडासारखा होतो. टेबलावर स्वच्छ कापड टाका, पुस्तक पूर्ण उलगडून सपाट दाबू नका, दोन्ही बाजूंना उशी किंवा घडी केलेलं धोतर ठेवा म्हणजे शिवणीवर ताण येत नाही. धूळ मऊ ब्रशने आतून बाहेर झटका. कसरीची भोकं दिसली तर ते पुस्तक बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा.

सावध: फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. पाच-दहा वर्षांत टेप निघून जातो आणि पिवळा डाग तेवढा राहतो, अक्षरांसकट. बोटाला थुंकी लावून पान उलटणं पण बंद.

## टप्पा २: आधी पुस्तकाची जन्मपत्रिका काढा

नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो कारण हा टप्पा कोणी करतच नाही. लोक सरळ शेवटची सूची उघडतात, त्यात आपलं गाव नाहीतर आपली जात शोधतात आणि तिथून सुरू करतात. तसं करू नका. पहिल्या दिवशी फक्त मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका वाचा, आणि वहीत एवढं लिहा: कोणी लिहिलं, कोणाच्या पैशाने छापलं, कोणी वाचावं म्हणून लिहिलं, माहिती कोणी पुरवली, आणि छापायचं साल कुठलं नि माहितीचं साल कुठलं.

शेवटचा मुद्दा नीट बघा. गॅझेटियर १८८० चं, पण त्यातल्या लोकसंख्येचा आधार १८७२ ची खानेसुमारी, म्हणजे जनगणना. मधल्या काळात १८७६ ते ७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ होऊन गेला, माणसं इकडची तिकडे गेली. म्हणजे "१८८० मध्ये आमच्या तालुक्यात इतके लोक होते" हे वाक्य चूक. ग्रियर्सन नावाच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या भाषांची सरकारी पाहणी केली, त्या भाषा-पाहणीचंही तेच, अहिराणी ज्या भागात येते तो नवव्या खंडाचा तिसरा भाग छापला १९०७ ला आणि भाषकांचे आकडे १८९१ च्या खानेसुमारीवरचे. सोळा वर्षांचा फरक!

आणि एक, आवृत्ती कुठली ते बघा. जळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर १९६२ ला आणि धुळ्याचं १९७४ ला नव्याने निघालं. लोक नव्यातलं वाक्य "इंग्रजांनी लिहिलं" म्हणून सांगतात आणि जुन्यातलं वाक्य "सरकारी आहे" म्हणून आजचं समजतात.

तपासणी: वहीतल्या या पाचही गोष्टी भरल्या नसतील तर तिसऱ्या टप्प्याला जाऊ नका. एखादी मिळतच नसेल तर तिथे "माहीत नाही" लिहा पण जागा रिकामी सोडू नका.

## टप्पा ३: एक प्रकरण, एकदा, न थांबता

आता एक प्रकरण निवडा. पहिलं प्रकरण शेती, रस्ते, बाजार असल्या विषयाचं घ्या, जातीजमातींचं नको. तिथे मन लगेच तापतं आणि हाताला अजून सवय झालेली नसते.

एकदा पूर्ण वाचा. राग आला तरी थांबू नका, पटलं तरी खूण करू नका. फक्त न कळलेले शब्द वहीत उतरवा.

मराठी पुस्तक १९६२ च्या आधीचं असेल तर शब्दाशब्दावर अनुस्वार दिसतील, नांव, कांहीं, पुस्तकें, तें. त्या छपाईच्या चुका नाहीत, तेव्हाचं शुद्धलेखनच तसं होतं, साहित्य महामंडळाचे नियम नंतर आले. उलट ते अनुस्वार कामाचे असतात, "तें" दिसलं की नपुंसकलिंगी आहे हे कळतं, आज "ते" वर अडायला होतं. सुरुवातीची चार-पाच पानं मोठ्याने वाचा, कानाला सवय झाली की डोळे अडत नाहीत.

## टप्पा ४: नावं, सालं, पैसा, मापं, सगळं आजच्यात आणा

हे काम कंटाळवाणं आहे पण इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

गावं आणि तालुके. १८८० च्या खानदेशात नशिराबाद, सावदा, विरदेल, पिंपळनेर असे तालुके आहेत, आज त्या नावाचे तालुके नाहीत. नशिराबादचं ढोबळमानाने जळगाव झालं, सावद्याचं रावेर-यावल, विरदेलचं शिंदखेडा, पिंपळनेरचं साक्री. हद्दी जशाच्या तशा राहिलेल्या नाहीत म्हणून ढोबळमानाने म्हणतोय. जिल्ह्याची हद्द पण हललेली आहे. १८६९ ला नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव-बागलाण तिकडे गेलं, १९०६ ला खानदेशचे पूर्व-पश्चिम दोन भाग झाले, १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. त्यामुळे १८६० च्या "खानदेश" ची बेरीज १८८० च्या "खानदेश" शी लावायची नाही. आणि पिंप्री, वडगाव, पिंपळगाव असलं नाव आलं की तालुका बघितल्याशिवाय "हे आपलंच गाव" म्हणायचं नाही, अशी गावं आपल्याकडे ढिगाने आहेत.

सालं. शकात ७८ मिळवा म्हणजे इसवी सन (जानेवारी ते मार्चच्या तारखेला ७९). विक्रम संवतातून ५७ वजा. फसली म्हणजे जुन्या महसुली सालात साधारण ५९० मिळवा, म्हणजे फसली १२९० म्हणजे १८८०-८१. जुन्या मराठी कागदात अरबी म्हणजे शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. कुठला सन आहे ते न बघता बेरीज केली की दहा-दहा वर्षांची चूक होते.

पैसा. ३-८-६ असं दिसलं तर तीन रुपये आठ आणे सहा पै. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा. "३-८" ला तीन रुपये ऐंशी पैसे समजू नका, ते साडेतीन रुपये. आणि त्याची आजची किंमत काढायला नेटवरचं कॅल्क्युलेटर वापरू नका. त्यापेक्षा त्याच पुस्तकात मजुराची रोजची मजुरी किती आणि ज्वारी-बाजरीचा भाव काय ते शोधा, आणि एका दिवसाच्या मजुरीत किती शेर धान्य यायचं ते काढा. त्यातून खरं चित्र दिसतं.

भाव. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय म्हणून जास्त लिहितो. जुन्या तक्त्यांत भाव "क्विंटलला किती रुपये" असा नसतो, "रुपयाला किती शेर" किंवा "रुपयाला किती रत्तल" असा असतो. म्हणजे आकडा मोठा तर धान्य स्वस्त, आकडा लहान तर महाग, आजच्या बरोबर उलट. मी एकदा शेतकऱ्यांच्या बैठकीत वहीतून वाचून दाखवत होतो की बघा या सालात ज्वारी किती उतरली. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "ते साल तर दुष्काळाचं ना, मग भाव उतरेल कसा?" मी परत तक्त्याच्या डोक्यावरची बारीक ओळ वाचली आणि सगळं उलटं निघालं. तीन महिने मी ते उलटंच सांगत फिरत होतो. तेव्हापासून तक्ता उतरवताना आधी त्याच्या डोक्यावरची ओळ उतरवतो, मग आकडे.

पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण म्हणजे सुमारे ३७ किलो. पण बाजारागणिक शेर वेगळा असायचा, तळटीपेत दिला असेल तर तोच धरा. रत्तल म्हणजे सुमारे ४५३ ग्रॅम.

तपासणी: कापसाचा भाव एकदम चढलेला दिसला तर साल बघा. १८६१ ते ६५ असेल तर कारण आपल्या शेतात नाही, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता. असली चार-दोन वर्षं घेऊन "तेव्हाचा शेतकरी सुखी होता" म्हणू नका.

## टप्पा ५: प्रत्येक वाक्य पाखडायचं

आता त्याच प्रकरणाचं दुसरं वाचन, यावेळी पेन्सिल हातात. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: पाहिलं, ऐकलं, मत. लेखकाने किंवा त्याच्या माणसाने डोळ्याने बघितलेलं किंवा मोजलेलं पहिल्यात, कोणाकडून ऐकून लिहिलेलं दुसऱ्यात, आणि त्याला वाटलं ते तिसऱ्यात. मुख्य काम हेच आहे, बाकी सगळी याची तयारी.

एक वाक्य करून दाखवतो. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, त्या धाटणीचं मीच बनवलंय: "या भागातले भिल्ल आळशी असून मोहाची फुले व जळाऊ लाकूड विकून पोट भरतात, आणि सावकार सांगतात की ते घेतलेले कर्ज बुडवितात."

मोहाची फुलं नि लाकूड विकणं हे पाहिलेलं. कर्ज बुडवणं ऐकलेलं, आणि कोणाकडून? सावकाराकडून, ज्याचं त्यात हित आहे. कर्ज घेणाऱ्याला कोणी विचारलेलं नाही, हेही दुसऱ्या रकान्यात लिहा, "न विचारलेले: कर्जदार". "आळशी" हे मत.

आता लोक काय करतात, मत खोडतात आणि पुढे जातात. तिथे थांबायचं नाही. मताच्या शेजारी एक प्रश्न लिहायचा, हे मत याच वेळी का आलं? १८७८ ला जंगलाचा कायदा आला, लाकूडफाट्यावर बंधनं आली. त्याच साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला, घरी मोहाची दारू काढणं गुन्हा झाला. ज्या माणसाचं जंगल नि मोह दोन्ही सरकारने आवळले तो माणूस सरकारी माणसाला दोन वर्षांनी "आळशी" नि "चोर" दिसायला लागला तर त्या शब्दाने माणसाबद्दल काही कळत नाही, लिहिणारा कुठे उभा होता ते कळतं. म्हणून मत फेकायचं नाही, ते पण पुरावाच आहे, फक्त वेगळ्या गोष्टीचा.

काही शब्द दिसायला वर्णन पण असतात कायद्याचे. "गुन्हेगार जमात" हा तसला. १८७१ ला त्या नावाचा कायदा झाला, पुढे देशभर पसरला आणि १९५२ ला रद्द झाला. एखाद्या पुस्तकात तो शब्द आला तर सरकारने कोणावर शिक्का मारला एवढंच कळतं, त्या लोकांनी काय केलं ते नाही. तसंच "दरोडेखोर". १८५७ ला भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध उठला, त्याला सरकारी कागद दरोडेखोर म्हणतात आणि आपल्याकडचे लोक नाईक म्हणतात. कागद कोणाच्या टेबलावर लिहिला गेला ते बघा.

सावध: मराठी लेखकांना यातून सूट नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कितीतरी चांगल्या मराठी पुस्तकांत बायकांबद्दल, खालच्या मानलेल्या जातींबद्दल, मुसलमानांबद्दल जे लिहिलंय ते इंग्रजाने लिहिलेल्यापेक्षा मऊ नाही. आपल्या माणसाच्या पुस्तकाला पण तेच तीन रकाने.

नावांची व्युत्पत्ती आली की ती थेट तिसऱ्या रकान्यात. खानदेश हे नाव फारुकी खानांवरून, कान्हावरून, आणखी कशाकशावरून आलं असं जुनी पुस्तकं ठामपणे सांगतात. जितकी पुस्तकं तितकी उत्तरं. व्युत्पत्ती वाचायला गोड लागते म्हणून लोक सगळ्यात आधी तीच पाठ करतात.

## टप्पा ६: पुस्तकाबाहेर जाऊन ताडून बघा

कमीत कमी दोन ठिकाणी. एक दुसरा कागद आणि एक जिवंत माणूस.

कागदासाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, जुने दस्तऐवज आणि पुस्तकं तिथे सांभाळलेली आहेत. जाताना "मला खानदेशचा इतिहास बघायचाय" असं सांगू नका, तेवढ्यावर कोणालाच काही काढून देता येत नाही. पाचव्या टप्प्यातले दोन-तीन नेमके प्रश्न लिहून न्या, साल, तालुका, विषय.

जिवंत माणसाचं मी माझ्या घरचं सांगतो. भाषा-पाहणीत जवळजवळ प्रत्येक भाषेचा एक नमुना म्हणून तीच एक गोष्ट घेतलीय, बायबलमधली उधळ्या मुलाची, धाकटा मुलगा बापाकडे वाटा मागतो आणि घर सोडून जातो ती. स्थानिक अधिकाऱ्यांकडून भाषांतरं मागवली आणि छापली. मी आईला ओसरीवर बसवून त्यातला आपल्याकडचा नमुना वाचून दाखवला. ती शेंगा फोडत होती. पहिल्या दोन ओळींतच थांबली, "बाप जित्ता शे आनि पोऱ्या वाटा मांगस?" भाषेआधी तिला गोष्टच परकी वाटली. मग परत पहिल्यापासून वाचलं. काही शब्द तिने जसेच्या तसे पकडले, दोन ठिकाणी म्हणाली हे तावडीकडचं (खानदेशातल्याच दुसऱ्या भागातलं) बोलणं दिसतंय आणि एका लांबलचक वाक्याला म्हणाली, "आसं कोन बोलस?"

तिच्या या तीन वाक्यांत सगळं आलं. शब्द आणि क्रियापदाची रूपं घ्यायला तो नमुना चांगला, कारण सव्वाशे वर्षांपूर्वीची अहिराणी छापील मिळते कुठे. पण वाक्याची ठेवण घ्यायची नाही, ती भाषांतराची आहे. आणि "अख्ख्या खानदेशची बोली" म्हणून तर मुळीच घ्यायचा नाही, तावडी, लेवा, बागलाण सगळ्यांचं बोलणं वेगवेगळं. अहिराणीला तिथे भिल्ल भाषांच्या खंडात घातलंय, त्यावरून लोक भांडतात. ती वर्गवारी तिसऱ्या रकान्यात टाका आणि नमुना पहिल्यात, मग भांडायचं कारण राहत नाही.

म्हाताऱ्या माणसाला विचारताना पुस्तकात काय लिहिलंय ते आधी सांगू नका. "पूर्वी मोहाचं काय काय करायचे?" असं मोकळं विचारा. आधी सांगितलं की छापील शब्दाच्या धाकाने ती माणसं नुसती मान हलवतात.

सावध, आणि हे फार महत्त्वाचं: घरगुती औषधांची, जनावरांच्या इलाजाची, विंचू-सापाच्या उताऱ्याची जुनी पुस्तकं ताडून बघायला *करून बघू नका*. पारा, हिंगूळ, सोमल ही विषं त्यात सर्रास सांगितलेली असतात. साप चावल्यावर चिरा देणं, घट्ट आवळणं, तोंडाने ओढणं हे पण असतं. ते फक्त वाचायचं. साप चावला तर सरकारी दवाखाना, तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं, दुसरं काही नाही. अशा पुस्तकाच्या पहिल्या पानाला मी तशी चिठ्ठीच जोडून ठेवलीय, कारण पोरं कपाटातून काय काढतील सांगता येत नाही.

## टप्पा ७: दुसऱ्याला सांगताना

एका ओळीचा फोटो पाठवू नका. किमान पूर्ण परिच्छेद, पुस्तकाचं नाव, छापल्याचं साल, पान नंबर आणि ती माहिती कुठल्या रकान्यातली ते. "असं होतं" नाही, "अमुक साली अमक्याने असं लिहिलं" असं म्हणायचं. जुना अपमानाचा शब्द असेल तर तो अवतरणात राहू द्या, बदलून गोड करू नका, पण तुमच्या स्वतःच्या वाक्यात तो वापरू नका. आणि ज्या समाजाबद्दल लिहिलंय त्यातलं कोणी ओळखीचं असेल तर आधी त्यांना पूर्ण पान दाखवा, मग ग्रुपला टाका.

अख्खं पुस्तक स्कॅन करून वाटायचं असेल तर लेखक वारल्याला ६० वर्षं झालीत का ते बघा, सरकारी प्रकाशनाला छापल्यापासून ६०. फोटो काढताना फ्लॅश बंद.

## टप्पा ८: पुस्तक परत ठेवताना

सावलीच्या, कोरड्या कपाटात, उभं, फार आवळून नाही. वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत घालून शेजारी ठेवा, सुटा पाला पानांत घालू नका, डाग पडतात.

पुस्तकात काही लिहायचं नाही, पण एक साधी कागदाची पट्टी आत ठेवा. पेन्सिलने, तुम्हाला सापडलेलं तेवढंच. आमच्या कपाटातल्या एका पुस्तकात सध्या अशी पट्टी आहे: "भावाचा तक्ता रुपयाला शेर असा आहे, उलटा वाचू नये. नशिराबाद म्हणजे आताचा जळगाव तालुका धरून बघावा. भिल्लांवरच्या पानांत कर्जदारांना विचारलेलं नाही. मोहाच्या फुलांचं खरं आहे, तीन ठिकाणी विचारून पाहिलं."